हयातबाईंचा फोन

सही करायच्या आधी हयातबाई फोन करायच्या. असं करा म्हणून कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं, आणि साहेबांनी तर कितीदा तरी नको म्हणून सांगितलं होतं. तरीही टेबलावर दाखला आला की बाई पेनाला टोपण लावायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि दाखल्यात ज्या ज्या भागीदाराचं नाव असेल त्याला त्याला फोन लावायच्या. "नमस्कार, राणे बोल रही हूँ, कागजवाली. आप हयात हैं ना?" पलीकडून हसू यायचं, खोकला यायचा, क्वचित शिवीही यायची. बाईंना सगळं चालायचं. माणसाचा स्वतःचा आवाज कानावर पडला पाहिजे, एवढीच अट. तो पडला की टोपण निघायचं आणि सही व्हायची.

आमचं ऑफिस दुबईत होतं आणि काम होतं दुसऱ्यांच्या कंपन्यांचे आणि भागीदाऱ्यांचे कागद सांभाळण्याचं. त्यात मर्यादित भागीदाऱ्या पुष्कळ. मर्यादित भागीदारीत एक भागीदार धंदा चालवतो आणि धंद्याची सगळी जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेतो. बाकीचे भांडवल घालतात आणि गप्प बसतात, त्यांची जोखीम त्या भांडवलापुरतीच. अशी भागीदारी खरोखर अस्तित्वात आहे का, असं कुणी बँक किंवा परदेशातला खरेदीदार विचारतो, तेव्हा दोन दाखले लागतात. पहिला सरकारी निबंधक देतो: ही भागीदारी नोंदलेली आहे, रद्द झालेली नाही, तिची सगळी खाती नीट आहेत. दुसरा आम्ही द्यायचो: आजच्या तारखेला तिच्यात कोण कोणत्या पदावर आहे. दोन्हींची इंग्रजी नावं भारदस्त. बाईंनी त्यांना मराठीत आणून ठेवलं होतं. पहिला 'हयातीचा दाखला', दुसरा 'घरात कोण कोण आहे त्याचा दाखला'. त्यांचे वडील दर नोव्हेंबरात ठाण्याच्या बँकेत पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायला जायचे, तिथून तो शब्द आला होता. आमचे साहेब जॉर्डनचे. त्यांना हा शब्द कळला तेव्हा ते पोट धरून हसले, कारण अरबीत लोक लाडानं बायकोला 'हयाती' म्हणतात, म्हणजे माझं आयुष्य. तेव्हापासून राणेबाईंच्या हयातबाई झाल्या.

दाखला तीन महिन्यांत जुना होतो. बँका शिळा दाखला घेत नाहीत, पुन्हा ताजा मागतात. नव्या मुलांना याचा फार वैताग यायचा. बाई म्हणायच्या, "बरोबरच आहे. मागच्या महिन्यात जेवलात म्हणून आज भूक लागत नाही का?"

दुबईच्या देरा भागात एक म्हातारे कच्छी व्यापारी होते. कापडाच्या एका भागीदारीत त्यांनी पूर्वी कधीतरी भांडवल घातलं होतं. त्यांना हा फोन दरवर्षी जायचा. एकदा बाईंनी स्पीकर लावला होता, तेव्हा आम्ही सगळ्यांनी ऐकलं. म्हातारबुवा म्हणाले, "बेन, आप हर साल पूछती हो, इसलिए जिंदा रहना पड़ता है." बाई म्हणाल्या, "तो अगले साल भी तकलीफ दूँगी." सही करताना त्या स्वतःशीच हसत होत्या.

पण असंही एकदा झालं की भागीदाराच्या नंबरावर त्याच्या मुलीनं फोन घेतला आणि ती रडायला लागली. वडील जाऊन बरेच महिने झाले होते. ज्या दलालाला दाखला हवा होता त्यानं ते आमच्यापासून लपवलं होतं. दलाल ऑफिसात येऊन आरडाओरडा करून गेला, तुमच्या त्या बाईला फोन करायचा अधिकार कुणी दिला म्हणून. साहेबांनी बाईंना आत बोलावलं, आणि बाई बाहेर आल्या त्या तशाच, टोपण लावलेल्या पेनासकट. त्या दाखल्यावर सही झाली नाही. त्यानंतर त्या मुलीला लागणारे सगळे कागद कसे मिळवायचे, हे बाईंनी तिला फोनवर समजावून सांगितलं, आणि पुढे तिच्या लग्नाची मिठाई ऑफिसात आली.

मी बाईंना लहानपणापासून ओळखत होते. शारजात अल नहदाला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. घरी त्या राणेकाकू, ऑफिसात मॅडम, आणि त्यांची पाठ वळली की सगळ्यांच्या तोंडी हयातबाई. माझे बाबा जबल अलीच्या गोदामात सुपरवायझर. पुण्याहून येताना त्यांनी एक बॅग भरून चळवळीची जुनी पत्रकं आणली होती, गिरणीची, पाण्याची, भाववाढीची. मी शाळेत मराठी शिकले नाही; त्या पत्रकांतून शिकले. पुढे तशी लिहायलाही लागले, त्यामुळे माझं साधं बोलणंही मुठी वळून यायचं. बाईंनी माझं नाव ठेवलं होतं, पत्रकबाई. त्यांनीच मला त्यांच्या हाताखाली चिकटवून घेतलं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सुनावलं की हे दाखले म्हणजे श्रीमंतांना लपायला दिलेले पडदे आहेत, कागदावर भागीदारी आणि आत कुणाचा पत्ता नाही. बाईंनी डब्यातली भेंडीची भाजी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "म्हणून तर फोन करते. तू घोषणा दे, मी फोन करते. बघू कुणाला आधी माणूस सापडतो."

सगळ्यात मजा यायची त्या नवऱ्याला फोन करायच्या तेव्हा.

राणेकाकांचं उम्म अल कुवैनला बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप होतं. तीही मर्यादित भागीदारीच, आणि तिचे कागद आमच्याच ऑफिसात. धंदा चालवणारे आणि जोखीम उचलणारे काका; भांडवल घालून गप्प बसायचं ते त्यांच्या ठाण्यातल्या थोरल्या भावांनी. घरचं काम म्हणून त्या दाखल्यावर साहेबांचीही सही घ्यायची, अशी शिस्त बाईंनी स्वतःच घालून घेतली होती. फोन मात्र त्याच करायच्या. तो दिवस आला की सगळं ऑफिस कामं टाकून कान टवकारायचं, मराठी न कळणारेसुद्धा.

"आपण श्रीयुत राणे बोलताय का?"

"बोलतोय."

"आपण हयात आहात का?"

"तुमच्या कृपेने अजून आहे, बाईसाहेब."

"भागीदारीचा कारभार आपणच पाहता?"

"दुसरं कुणी घ्यायला तयार नाही."

"आभारी आहे. येताना कोथिंबीर आणा." आणि फोन खाली.

थोरल्या दिरांचा मात्र बाईंना भारी ताप होता. भाऊजींना गप्प बसवेना. ठाण्यात बसून ते वर्कशॉपमध्ये कोणतं ग्रीस वापरावं, हेही कळवायचे. कायदा असा आहे की गप्प बसायच्या भागीदारानं कारभारात हात घातला तर त्याची जोखीम मर्यादित राहत नाही. तोही पुरता अडकतो. बाई त्यांना फोनवर बजावायच्या, "भाऊजी, आणखी एक सल्ला दिलात तर तुमचं ठाण्याचं घरसुद्धा धोक्यात येईल." भाऊजी घाबरून काही दिवस गप्प बसायचे. काका म्हणायचे, "आमच्या आईला जे जमलं नाही ते या कायद्यानं केलं."

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. वर्कशॉपमध्येच, एका मासेमाराच्या बोटीच्या इंजिनावर वाकलेले असताना. त्यांचा जुना मेकॅनिक रामाशीष, बिहारच्या सिवानचा, यानं त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पाहुणे आले की काका छताकडे बघत पडायचे. आपण बोलतो त्यातलं त्यांना किती कळतं, ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

बाईंनी रजा घेतली आणि परत आल्या. पूर्वीसारखंच काम करायला लागल्या, फक्त डबा उघडायच्या नाहीत.

बँकेचं पत्र आलं ते त्यानंतर. नेहमीचंच, दरवर्षी यायचं तसं. वर्कशॉपच्या भागीदारीचे दोन्ही दाखले ताजे पाठवा, तोवर खात्यातले व्यवहार थांबतील. पहिला दाखला निबंधकाकडून लगेच आला. सरकारी वहीत ती भागीदारी ठणठणीत होती, तसं शिक्क्यासकट लिहूनही दिलं होतं. दुसरा आम्ही द्यायचा होता. त्यात एकच ओळ महत्त्वाची: कारभार पाहणारा भागीदार, श्री. राणे, आजच्या तारखेला पदावर. नाव, पासपोर्टचा नंबर, सगळं गेल्या वर्षीचंच. मी टाइप करून तो बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी बघायच्या आधी साहेबांकडे न्यावा असं माझ्या मनात आलं होतं, पण तेवढी हिंमत झाली नाही.

बाईंनी दाखला वाचला. पेनाला टोपण लावलं. चष्मा वर सरकवला. आणि ऑफिसच्या फोनवरून नंबर लावला.

त्यांच्या पर्समध्ये काकांचा मोबाइल वाजायला लागला.

दवाखान्यात काकांच्या वस्तू बाईंच्या हाती दिल्यापासून तो त्यांच्याकडेच होता. कुणी मान वर केली नाही. पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवलेली होती आणि तिच्यातून काकांची ती जुनी रिंग येत होती. बाईंनी रिसीव्हर कानाला धरून ठेवला आणि रिंग आपोआप बंद होईपर्यंत थांबल्या. मग रिसीव्हर खाली ठेवला, दाखला बाजूच्या ट्रेमध्ये टाकला आणि मला म्हणाल्या, "उत्तर नाही. पुढची फाइल दे."

साहेब केबिनमधून बाहेर आले. ते काही वाईट माणूस नव्हते. हळू आवाजात म्हणाले, हयाती, तू यात पडू नकोस, मी एकटा सही करतो, खलास. बाईंनी फोन उचलून त्यांच्यापुढे धरला. "फोन आप कीजिए, सर. आवाज आए तो साइन कीजिए." साहेब फोनकडे बघत उभे राहिले. मग बाईंच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही असं त्यांना झालं, आणि न ठेवताच ते आत गेले.

त्या संध्याकाळी परत येताना गाडीत आम्ही भांडलो. गाडी बाई चालवायच्या. शारजाच्या वाटेवर नेहमीसारखी सगळी वाहतूक तुंबली होती, त्यामुळे भांडायला भरपूर वेळ होता. मी म्हटलं, वर्कशॉपमध्ये पाच माणसं आहेत. खातं बंद राहिलं तर त्यांचे पगार अडतील, परवाने अडतील. त्यातल्या दोघांचा व्हिसा संपत आला आहे, तो वाढवून मिळणार नाही. पाच घरांची चूल आणि एक ओळ, यातलं मोठं काय? काका जिवंत आहेत. ओळ खोटीसुद्धा नाही.

बाई म्हणाल्या, "ते पदावर आहेत, असं मी लिहायचं?"

"त्यांना कुणी काढलंय का?"

"अगं, उद्या त्या पाचातल्या एकाचा हात पंख्यात गेला, तर त्यानं कुणाच्या दाराशी जायचं? कागदावर राणे. राणे कुठे, तर पलंगावर. जोखीम डोक्यावर घेणारा म्हणजे काय? दार वाजवलं तर उघडायला येणारा माणूस. त्याच्यासाठी तर ते पद आहे. तिथं नुसतं नाव लावून ठेवू? हेच तू मला पहिल्या आठवड्यात ऐकवलं होतंस ना, पत्रकबाई? कागदावर भागीदारी आणि आत कुणाचा पत्ता नाही."

 मला पटलं नव्हतं, आणि आजही पुरतं पटलेलं नाही. खरेपणाची किंमत बाईंच्या घरानं मोजली असती तर मी मान तुकवली असती. मोजली ती दुसऱ्यांनी. दाखला अडला, खातं अडलं, आणि त्या दोघांना जावं लागलं. एक गोरखपूरचा, एक बांगलादेशचा. बाई स्वतः त्यांना विमानतळावर सोडायला गेल्या. गोरखपूरच्या माणसानं वाकून नमस्कार केला तेव्हा त्या मागं सरकल्या, असं रामाशीषनं मला सांगितलं. "मॅडम बोलीं, मेरे पैर मत छूना, मैंने तुम्हारा नुकसान किया है." हे कुणाला माहीत नाही. माहीत असावं म्हणून लिहिते आहे. बाईंना संत करून भिंतीवर टांगायला मी बसलेली नाही.

वर्कशॉप वाचवायचा सरळ रस्ता एकच होता. काकांचं नाव त्या पदावरून काढायचं आणि जोखीम उचलायला दुसरं कुणी उभं करायचं. भाऊजींची संमती लागणार होती. ती मागायला बाईंनी फोन केला, तेव्हा सगळ्या जगाला सल्ला देणारे भाऊजी फक्त एवढंच म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." आणि बाई उभ्या राहिल्या त्या स्वतः. ऑफिसची नोकरी आणि भागीदारीचं हे पद, ऑफिसच्या नियमानं दोन्ही एकदम धरता येत नव्हती. जी खुर्ची त्यांना आयुष्यात सगळ्यात जास्त आवडली, ती सोडायला लागणार होती. माहेरची साडी परत करावी तसा त्यांनी राजीनामा लिहिला, नीट घडी घालून.

नाव काढायच्या आधी त्या काकांना सांगायला गेल्या. मी बरोबर होते. बाईंनी पलंगाशी खुर्ची ओढली, काकांचा डावा हात हातात घेतला आणि कागद पूर्ण वाचून दाखवला, इंग्रजी वाक्यं जशीच्या तशी. मग मराठीत म्हणाल्या, "अहो, तुमचं नाव काढते आहे. तुम्ही असताना काढते आहे. हरकत असेल तर माझा हात दाबा." आम्ही वाट बघितली. काकांची बोटं हलली नाहीत. त्यांची नजर छतावरून उतरली आणि खिडकीकडे गेली, तिथंच राहिली.

लिफ्टमध्ये मी म्हटलं, काकू, त्यांनी हात दाबला नाही, म्हणजे होकारच. बाई लिफ्टच्या दाराकडे बघत होत्या. "गप्प बसण्याला होकार म्हणायचा असता, तर मागच्या महिन्यातच सही केली नसती का? डॉक्टरांचं पत्र आहे, ते पुरेसं आहे. मला फक्त त्यांच्या पाठीमागे करायचं नव्हतं." एवढं बोलून त्यांनी पदर तोंडात धरला. बाई रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. लिफ्ट खाली पोचली, दार उघडलं, समोर व्हीलचेअर घेऊन एक नर्स उभी होती. बाई तिला "सॉरी, सॉरी" म्हणत बाजूला झाल्या.

नवा दाखला बाईंनी स्वतः टाइप केला. मला करू दिला नाही. श्री. राणे यांचं पद संपुष्टात. श्रीमती राणे यांची नेमणूक. त्या दोन ओळी टाइप करायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात एरवी चार फाइली झाल्या असत्या. सही साहेबांनी केली. सहीआधी साहेबांनी आपल्या केबिनमधून फोन लावला, चार पावलांवर बसलेल्या बाईंना. "मॅडम, आर यू हयात?" बाईंनी हो म्हटलं. कुणी हसलं नाही.

निरोपाला केक आणायचा बेत होता, तो बाईंनी रद्द करायला लावला. शेवटच्या दिवशी त्यांनी टेबलावरचा फोन ओल्या रुमालानं पुसला, वायरीची गुंडाळी सोडवली आणि मला म्हणाल्या, "ही खुर्ची थोडी डावीकडे झुकते. साहेबांना सांगून बदलून घे." दुसरा उपदेश नाही. त्या लिफ्टकडे गेल्यावर मी ड्रॉवर उघडला. रिकामा होता, एक टोपण तेवढं होतं, पेनाशिवाय.

त्यानंतर बाई रोज उम्म अल कुवैनला जायला लागल्या. साडी सुटली, अंगात सलवार-कमीज आणि त्यावर काकांचा डगला आला. ग्रीसचा वास केसांतून जात नाही म्हणून तक्रार करायच्या. मासेमार आधी बिचकले, मग त्यांच्याशी भावावरून हुज्जत घालायला लागले, म्हणजे ओळख झाली. गोरखपूरच्या माणसाला त्यांनी पुन्हा बोलावून घेतलं. बांगलादेशच्या माणसाचा नंबर लागेनासा झाला होता. बाई तो मधूनमधून लावत राहायच्या. काका उन्हाळ्यात गेले, झोपेत. बाई शेजारच्या खुर्चीवर जाग्या होत्या, आणि तरी त्यांना कळलं नाही, याचं त्यांना फार लागलं.

वर्कशॉपच्या दाखल्याची तारीख पुन्हा आली, तेव्हा बाईंच्या खुर्चीत मी होते. खुर्ची बदलून घेतली नव्हती. मी दाखला टाइप केला, पेनाला टोपण लावलं आणि फोन उचलला.  पलीकडे ग्राइंडरचा आवाज, मग बाईंचा.

"आपण श्रीमती राणे बोलताय का?"

"बोलतेय."

"आपण हयात आहात का?"

ग्राइंडर थांबला.  बाई म्हणाल्या, "तुमच्या कृपेने अजून आहे, बाईसाहेब."

पुढचा प्रश्न मला विचारता आला नाही. बाईंनीच तो पुरा केला. म्हणाल्या, "कारभार मीच पाहते, लिहून घे. दुसरं कुणी घ्यायला तयार नाही." आणि फोन ठेवताना, "रडून दाखला भिजवू नकोस. भिजलेला बँक घेत नाही."

अशी काही वर्षं गेली. दर वर्षी तो फोन, तेच प्रश्न, तीच उत्तरं. मग एक दिवस तारीख नसताना बाई स्वतःच ऑफिसात आल्या. वाळलेल्या दिसत होत्या. आजाराचं नाव त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. ठाण्याला मुलीकडे जायचं ठरलं होतं. "जायच्या आधी माझं नाव काढ. रामाशीषला लाव. त्याची आणि भाऊजींची संमती घेऊन आलेय." मी म्हटलं, काकू, एवढी काय घाई, तिथं बरं वाटलं तर इन्शाल्ला परत याल, नाव राहू दे की. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "माझा आवाज आहे तोवर काढ. त्यांचा गेल्यावर मी काढलं. तसं काढणं कुणाच्या वाट्याला येऊ नये, तुझ्या तर नाहीच."

मी दोन ओळी टाइप केल्या. त्या समोरच बसल्या होत्या, तरी मी फोन लावला, कारण नाहीतर त्या रागावल्या असत्या. त्यांनी पर्समधून मोबाइल काढला आणि माझ्याकडे बघत कानाला लावला. आम्ही दोघी एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून फोनवर बोललो. शेवटचं उत्तर देऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "कोथिंबीर आणू का?" मी मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

ठाण्याला त्या थोडेच महिने काढू शकल्या. बातमी भाऊजींनी कळवली, आणि कळवताना तेही लहान मुलासारखे रडले.

मी अजून पत्रकं लिहिते. बाबांची बॅग माझ्याकडे आहे. पण आता लिहिताना एखाद्या माणसाच्या वतीनं मोठं वाक्य टाकायची पाळी आली की हात थांबतो. आधी त्याला फोन लावते. वाक्यं लहान झाली आहेत. पुण्याच्या सभेत ती वाचली की टाळ्याही कमी पडतात.

परवा वर्कशॉपचा दाखला आला. सगळं नीट होतं, निबंधकाचा शिक्का ताजा होता. मी टोपण लावलं आणि नंबर लावला. मागं तोच ग्राइंडर चालला होता. रामाशीषनं फोन घेतला.

"रामाशीषजी, आप हयात हैं ना?"

"जी मॅडम," तो म्हणाला, "बोलिए, क्या काम था?"

आवाज त्याचा स्वतःचा होता. तेवढा पुरतो. मी काम सांगितलं, फोन ठेवला आणि सही केली.